हॉटस्पॉट जोडला की तासाभरात डेटा संपतो अन् लॅपटॉपही रेंगाळतो, काय करावं?

धुऱ्यावरून

नमस्कार मंडळी. मुक्काम दारव्हा तालुक्यातलं खेडं, जिल्हा यवतमाळ. घरी एक जुना लॅपटॉप आहे. आय-३ सहाव्या पिढीचा, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. नेट म्हणजे फोनचा हॉटस्पॉट, रोजचा दीड जीबी.

काम एवढंच असते की सातबारा काढायचा, बहिणीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा, कधी ग्रामपंचायतीचा अर्ज टाईप करायचा. व्हिडिओ कोणी पाहत नाही. तरी तासाभरात डेटा संपल्याचा मेसेज येते अन् मग पान नुसतं फिरत राहते.

दुसरं म्हणजे, चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं माऊस सरकत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कसमोर १०० टक्के दिसून राहिलं, सीपीयू मात्र रिकामाच. एक जण म्हणते फॉरमॅट मारा, दुसरा म्हणते नवीनच घ्या. नवीन घेणं यंदा होत नाही.

घर टिनाचं आहे. अंगणात फोनला रेंज असते, आत आलं की जाते. अन् विंडोज १० बंद झालं म्हणतात, ते काय प्रकरण आहे तेही सांगा. फुकटात होणारं आधी सांगा, पैसे लागणारं नंतर.

कापूसपट्टा

भाऊ, डेटाचं आधी घेऊ, त्याला पैसा लागत नाही.

फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला साधं वायफायच दिसतं. हे नेट मोजून मिळतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून जोडल्याजोडल्या विंडोजचे अपडेट, वनड्राईव्ह (फाईली मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर साठवणारं ॲप), स्टोअरमधली ॲप, अँटीव्हायरस, क्रोम हे सगळे एकदम आपापलं सामान ओढायला लागतात. विंडोजचा एका महिन्याचा अपडेटच कित्येकशे एमबीचा असतो. तुमचा दीड जीबी तिथे जातो. सातबाऱ्याचं पान त्यापुढे काहीच नाही.

हॉटस्पॉटला जोडलेले असताना सेटिंग्ज → नेटवर्क अँड इंटरनेट → वायफाय उघडा. जोडलेल्या नावावर क्लिक करा, खाली सरका, 'सेट ॲज मीटर्ड कनेक्शन' दिसेल ते चालू करा. यानं बहुतेक अपडेट आपोआप उतरणं थांबतं. ही खूण त्या एका नावापुरतीच राहते हे मात्र ध्यानात ठेवा. उद्या दुसऱ्याच्या फोनचा हॉटस्पॉट घेतला, किंवा तुमच्याच हॉटस्पॉटचं नाव बदललं, की लॅपटॉप पुन्हा मोकाट. 'मीटर्ड करून पाहिलं, फरक पडला नाही' म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा इथेच चुकलेलं असतं.

मग सेटिंग्ज → अपडेट अँड सिक्युरिटी → विंडोज अपडेट → ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा. 'डाउनलोड अपडेट्स ओव्हर मीटर्ड कनेक्शन्स' बंद आहे ना ते पाहा. डाव्या यादीत 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' आहे, त्यातलं 'अलाऊ डाउनलोड्स फ्रॉम अदर पीसीज' बंद करा. तिथे इंटरनेटवरच्या पीसींचा पर्याय निवडलेला असेल तर तुमच्या डेटातून दुसऱ्याच कोणाला अपडेट पाठवले जातात.

वनड्राईव्ह वापरत नसाल तर टास्कबारवरच्या ढगाच्या चिन्हातून त्याच्या सेटिंग्जमध्ये जा आणि विंडोजसोबत आपोआप सुरू होण्याची खूण काढा. डेस्कटॉपवर स्कॅन केलेले कागद ठेवत असाल आणि वनड्राईव्हचा बॅकअप चालू असेल, तर प्रत्येक कागद वर चढतो, म्हणजे डेटा दुसऱ्या बाजूनंही जातो. क्रोममध्ये सेटिंग्ज → परफॉर्मन्स इथे 'प्रीलोड पेजेस' असतं, तेही बंद. तुम्ही न उघडलेली पानं ते आधीच आणून ठेवतं.

नेमकं कोण खातंय ते पाहायचं तर सेटिंग्ज → नेटवर्क अँड इंटरनेट → स्टेटस → 'डेटा युसेज' इथे मागच्या ३० दिवसांचा ॲपनिहाय हिशेब असतो. या क्षणी कोण ओढतंय ते टास्क मॅनेजर → परफॉर्मन्स → खालचं 'ओपन रिसोर्स मॉनिटर' → नेटवर्क इथे दिसेल.

अपडेट कायमचे बंद मात्र करू नका. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट काढतं, आपल्याकडे ते मंगळवारी रात्री उशिरा पोचतात. त्यानंतरची एखादी पहाट धरा. रोजचा कोटा बहुतेक प्लॅनमध्ये रात्री १२ला नवा होतो आणि पहाटे टॉवरवर गर्दीही नसते. विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन स्वतः 'डाउनलोड' दाबा, झालं की बंद. तुमच्या प्लॅनला एका दिवसात जड होत असेल तर तालुक्याला एखाद्या मोजणी नसलेल्या वायफायवर करा.

कोटा संपल्यावर पान का फिरत राहतं तेही सांगतो. बऱ्याच प्लॅनमध्ये त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो. ८ बिटांचा एक बाईट, म्हणजे सेकंदाला ८ केबी. २ एमबीचं पान उतरायला चार मिनिटांच्या वर लागतात आणि सरकारी साईटचं सेशन त्याआधीच संपून जातं. अशा वेळी फॉर्म भरत बसू नका. अर्धवट अर्ज अडकतो, पैसे भरण्याच्या पायरीवर तर नकोच.

संत्राबाग

डिस्क १०० टक्के आणि सीपीयू रिकामा, या एका ओळीतच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. यंत्र मंद नाही, हार्ड डिस्क मंद आहे. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावर एक काटा इकडून तिकडे धावतो. विंडोज १० सुरू होताना हजारो लहान लहान फाईली वेगवेगळ्या जागांवरून मागतं आणि काट्याचा वेळ धावण्यातच जातो. फॉरमॅट मारून महिनाभर बरं वाटेल, पुन्हा तेच. हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे काहीच न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क टाकणं हाच खरा इलाज. नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे तो खर्च फार लहान आहे. तुमच्या आय-३ला सातबारा, फॉर्म आणि टायपिंग अजून कितीतरी वर्षं पेलेल.

पण त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवून डिस्कची तब्येत पाहा. 'गुड'ऐवजी 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं, विशेषतः ०५, सी५ किंवा सी६ या ओळींमुळे, तर डिस्कचे भाग निकामी होऊ लागलेत. तसं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी कागदपत्रं पेनड्राईव्हवर घ्या. अशा डिस्कवर डीफ्रॅगमेंट (विखुरलेल्या फाईली एकत्र लावणं) किंवा तासन्‌तास चालणारी तपासणी लावू नका, त्या ताणानंच ती बसते.

घ्यायचं काय: २.५ इंची साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी, ७ मिलीमीटर जाडीची, २४० किंवा २५६ जीबी. बिलावर वॉरंटीची वर्षं लिहून घ्या. १ टीबी पाहिजे असं वाटत असेल तर आधी सी ड्राईव्हवर खरंच किती भरलंय ते पाहा. अशा वापरात बहुतेकांचं १०० जीबीसुद्धा भरलेलं नसतं.

विंडोज नव्यानं टाका, जुनं जसंच्या तसं उचलून आणू नका. जुन्या डिस्कवर खराबी असेल तर तीही सोबत येते. ८ जीबी किंवा मोठा पेनड्राईव्ह घ्या. मायक्रोसॉफ्टच्या साईटवर 'मीडिया क्रिएशन टूल' आहे, ते पेनड्राईव्ह तयार करून देतं. त्यात कित्येक जीबी उतरतं, म्हणून हे काम मोबाईल डेटावर नाही, चांगल्या वायफायवर करा. पेनड्राईव्हवरचं सगळं पुसलं जातं.

लॅपटॉप उघडताना शिफ्ट दाबून 'शट डाऊन' करा, म्हणजे तो पुरता बंद होतो. चार्जर काढा, बॅटरी काढा. बॅटरी आत असेल तर पाठ उघडल्यावर सर्वात आधी तिचं कनेक्टर सोडवा, मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. स्क्रू कागदावर जागेप्रमाणे ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरच्या पट्टीला आतून फोड येतो. डिस्कभोवतीची धातूची चौकट आणि कनेक्टर जुन्यावरून काढून नव्यावर बसवायचं असतं, ते फेकू नका.

जुनी डिस्क बाहेर काढल्यावरच विंडोज टाका. दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर सुरू होण्याचा भाग कधीकधी जुन्या डिस्कवरच बसतो आणि नंतर ती काढली की लॅपटॉप उठतच नाही. पेनड्राईव्हवरून सुरू करायला डेल, लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९, आसुसला एस्केप. एसरला एफ१२ असतं पण ते आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) चालू करावं लागतं. यादीत पेनड्राईव्ह दोनदा दिसला तर 'यूईएफआय' (यंत्र सुरू होण्याची नवी पद्धत) लिहिलेला निवडा. तसं न केल्यानंच पुढे डिस्क जीपीटी (भागांची नवी मांडणी) आहे, इथे विंडोज टाकता येत नाही, असा अडथळा येतो.

प्रॉडक्ट की मागितली तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' दाबा. आधीचं विंडोज अधिकृत आणि चालू असेल तर त्याचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, नेट मिळालं की आपोआप लागू होतो. फक्त आवृत्ती तीच निवडा, होम असेल तर होम. मग 'कस्टम', मोकळी जागा निवडून 'नेक्स्ट'.

विंडोज टाकल्यावर वायफाय दिसलंच नाही तर घाबरू नका, ड्रायव्हर (तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर) नसतो. फोन केबलनं जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही आणि त्यावरून वायफायचा ड्रायव्हर उतरवता येतो.

रॅमही ८ जीबी केली तर उत्तम, पण एसएसडीनंतर. क्रोमची पाच-सात पानं उघडली की ४ जीबी भरते. टास्क मॅनेजर → परफॉर्मन्स → मेमरी इथे वेग आणि किती खाचा वापरात आहेत ते दिसतं. सहाव्या पिढीत रॅमचे दोन प्रकार येतात. वेग २१३३ दिसला तर डीडीआर४, १६०० दिसला तर डीडीआर३एल. शेवटचा 'एल' महत्त्वाचा, ती १.३५ व्होल्टवर चालते. साधी १.५ व्होल्टची डीडीआर३ तिथे टाकू नका.

जोंधळा

एसएसडी येईपर्यंत सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'सिसमेन' (नेहमीची ॲप आधीच मेमरीत आणून ठेवणारी सेवा) बंद करा, डिस्क लगेच खाली येते.

संत्राबाग

@जोंधळा, हार्ड डिस्कवर थोडा फरक पडतो, करून पाहायला हरकत नाही. पण त्यापेक्षा टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' पानावर जाऊन नको ती ॲप 'डिसेबल' करणं जास्त कामाचं. प्रिंटरची मदतनीस ॲप, कॉल करायची ॲप, दोन-दोन अँटीव्हायरस तिथे हमखास सापडतात. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरेसा आहे. मुदत संपलेला दुसरा अँटीव्हायरस आधी काढून टाका, तो रक्षणही करत नाही आणि डिस्कही खातो.

टॉवरखाली

रेंजचं मी सांगतो. टिनाचा पत्रा रेडिओ लहरी परतवतो, त्यामुळे आत रेंज न येणं साहजिक आहे. फोन आत आणायचाच नाही. त्याला खिडकीच्या गजाजवळ किंवा ओसरीत, जिथे चांगली रेंज मिळते तिथे ठेवा आणि लॅपटॉप आत घ्या. फोन ते लॅपटॉप हे अंतर हॉटस्पॉटला सहज जमतं. हॉटस्पॉटच्या सेटिंग्जमध्ये २.४ गिगाहर्ट्झ निवडा. ५ गिगाहर्ट्झ जवळून वेगवान असतं पण मातीच्या जाड भिंतीपलीकडे गळपटतं.

जागा डोळ्यांनी, म्हणजे दांड्या मोजून ठरवू नका. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज → अबाउट फोन → सिम स्टेटस इथे 'सिग्नल स्ट्रेंथ' आकड्यात असते. आकडा उणे असतो आणि शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. ४जीवर उणे ९० डीबीएमच्या (सिग्नल मोजायचं एकक) आसपास छान काम होतं, उणे ११० ला रखडतं, उणे ११८-१२० ला फॉर्म भरण्यात अर्थ नाही. हातभर सरकवलं तरी आकडा पाच-सातने बदलतो. प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबा, आकडा जरा उशिरा बदलतो.

सिम कोणतं घ्यावं हा प्रश्न पुढे येईलच. खालच्या फ्रिक्वेन्सीची लहर लांब जाते. बीएसएनएलचं ४जी ७०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड २८ वर, आणि २१०० वर आहे. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० वर आहे, त्यातलं ८५० म्हणजे बँड ५ लांबवर पोचतं. फोन जुना असेल तर त्यात बँड २८ आहे का ते त्याच्या मॉडेलच्या माहितीत पाहूनच बीएसएनएलचं सिम घ्या. नाहीतर टॉवर गावात असून फोन तो पकडत नाही आणि दोष सिमला जातो.

फोन बाहेर ठेवायचा म्हणजे सावलीत, हेही लिहून ठेवतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो. तापलेला फोन आधी चार्जिंग थांबवतो, मग वेग कमी करतो आणि शेवटी हॉटस्पॉट बंद पाडतो.

यूएसबी टेदरिंग वापरलं तर कापूसपट्टाभाऊंनी सांगितलेली मीटर्डची खूण तिथेही लावा. ते वायफायखाली दिसत नाही, 'इथरनेट'खाली दिसतं. काही फोन दर वेळी नवं नेटवर्क म्हणून ओळख देतात, तेव्हा खूण टिकली का ते जोडल्यावर पाहत जा.

ग्रामपंचायतीत भारतनेट या सरकारी योजनेची फायबर आली असेल आणि घरापर्यंत जोडणी मिळत असेल तर ती चौकशी जरूर करा. डेटाचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. फायबरच्या डब्यावर (मोडेमवर) 'एलओएस'चा लाल दिवा लुकलुकला तर केबल तुटली किंवा दुमडली, तुमच्या हातात काही नाही, तक्रार करा. 'पॉन'चा हिरवा दिवा स्थिर असून नेट नसेल तर मात्र डबा बंद करून दोन मिनिटांनी चालू करून पाहा.

लाईन गेल्यावर डबा चालावा म्हणून १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेण्याआधी डब्याच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते पाहा, यूपीएस निदान तेवढा देणारा हवा. खोक्यावर ८००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं असतं. ८ गुणिले ३.७ म्हणजे सुमारे ३० वॉट-तास, वाया जाणारं वजा करून २५ धरा. डबा ७ वॉट खात असेल तर साडेतीन तास. 'आठ तास चालतो' हे दुकानातलं वाक्य या हिशेबावर घासून पाहा.

धुऱ्यावरून

मीटर्ड केलं अन् डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनही बंद केलं. डेटा युसेजमध्ये 'सिस्टम' सगळ्यात वर आहे. एसएसडी पोळ्याच्या आधी घेतो. आता विंडोजचं कोणी सांगा. नव्यानं टाकायचंच आहे तर ११ च टाकू का?

जोंधळा

टाका की. ११ची हार्डवेअरची अट टाळून ते बसवणारा पेनड्राईव्ह रुफस या सॉफ्टवेअरनं बनतो.

वैनगंगा

बसतं हे खरं, पण मी या लॅपटॉपवर तसं करायला सांगणार नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा सहाव्या पिढीचा. अट टाळून बसवलेल्या यंत्राला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. वर्षाला येणारी मोठी आवृत्ती तर पुन्हा अट टाळून हातानंच टाकावी लागते, म्हणजे दर वेळी कित्येक जीबी. दीड जीबीवाल्यानं या फंदात पडू नये. शिवाय ४ जीबी रॅमवर ११ चालताना धापा टाकतं.

विंडोज १० 'बंद झालं' म्हणजे काय: १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा मोफत पाठिंबा संपला. लॅपटॉप पूर्वीसारखाच चालतो, पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या येणं थांबतं. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं 'ईएसयू' नावाची वाढीव सोय ठेवली, तिच्यात १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून विंडोज बॅकअपमधून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर ती फुकट आहे.

त्यासाठी आवृत्ती २२एच२ हवी. विंडोजची की आणि आर एकत्र दाबा, डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर टाईप करून एंटर द्या, समोर येईल. नव्यानं टाकाल तर मीडिया क्रिएशन टूल २२एच२च देतं. मग विंडोज अपडेटच्या पानावर उजवीकडे 'एनरोल नाऊ' दिसतं. दिसलं नाही तर बाकी राहिलेले अपडेट पूर्ण करून एकदा रीस्टार्ट करा. खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं असावं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप सांगितला आहे, त्याच्या ओघात कागदपत्रांचे फोल्डर वनड्राईव्हवर चढवायला 'हो' म्हणू नका. फुकट जागा ५ जीबीच असते आणि डेटाचं गणित पुन्हा बिघडतं.

मुदतीनंतर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली, हा चांगला रस्ता आहे, पण एसएसडी आणि ८ जीबी रॅमनंतर. त्याआधी तुमचा प्रिंटर-स्कॅनर त्यावर चालतो का ते पाहून घ्या. पेनड्राईव्हवरून न बसवताही चालवून बघता येतं. कोणाकडे अंगठ्याचं यंत्र किंवा डिजिटल सहीचं टोकन असेल तर त्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर लिनक्सवर मिळतं का ही खात्री झाल्याशिवाय विंडोज सोडू नये.

अजून एक, हे काळजीनं सांगते. अनधिकृत 'ॲक्टिव्हेटर' कोणी पेनड्राईव्हमधून देत असेल तर घेऊ नका. तो चालवताना आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या लॅपटॉपवर घरच्यांचे आधार, बँक पासबुक, सातबारे आहेत, तिथे असं काही चालवणं म्हणजे अनोळखी माणसाला कपाटाची किल्ली देणं आहे.

धुऱ्यावरून

समजलं ताई, १० च ठेवतो. जाता जाता एक. बहिणीचा फोटो चढवताना कधी 'साईज जास्त', कधी 'साईज कमी' येते. अन् जुना अर्ज कृतिदेवमध्ये आहे, तो पोर्टलवर चिकटवला की इंग्रजी अक्षरं दिसतात.

कापूसपट्टा

फोटोला दोन वेगळ्या अटी असतात, पिक्सेल आणि केबी. दोन्ही वाचा. उदाहरणार्थ बँकांच्या आयबीपीएस भरतीला फोटो २०० × २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, सही १४० × ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी मागतात. प्रत्येक पोर्टलचं वेगळं असतं.

पेंटमध्ये फोटो उघडा, आधी 'क्रॉप' करून चेहरा-खांदे ठेवा, मग 'रिसाईझ', त्यात 'पिक्सेल्स' निवडून आकडा भरा आणि 'सेव्ह ॲज'मधून जेपीईजी करा. मूळ फाईलवर सेव्ह करू नका, लहान केलेला फोटो पुन्हा मोठा करता येत नाही. क्रॉप न करता थेट २०० × २३० कोंबलं तर चेहरा ताणला जातो आणि अर्ज तिथेच अडकू शकतो. 'साईज कमी' बहुतेक सहीला येतं. पांढऱ्या कागदावर दोन रेघा, जेपीईजी फार लहान होते. अशा वेळी त्याच प्रमाणात पिक्सेल वाढवा, २८० × १२० करा, की केबी वाढतात. पोर्टलनं पिक्सेल सक्तीचे केले असतील तर सही जाड पेनानं करून कागद भरून घ्या.

कागद स्कॅन करताना १५० डीपीआय (इंचामागे ठिपके) आणि 'ग्रेस्केल' ठेवा, फाईल बरीच हलकी होते. जातीच्या दाखल्यावरचा शिक्का रंगीत लागत असेल तेवढंच पान रंगीत. पीडीएफ लहान करून देणाऱ्या अनोळखी साईटवर आधार चढवू नका. पुन्हा कमी डीपीआयवर स्कॅन करणं सोपं आणि सुरक्षित.

कृतिदेवचं असं की त्यात साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. पोर्टलकडे तो फॉन्ट नाही. मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे मराठी मराठीच दिसणाऱ्या पद्धतीत) बदलून घ्यावा लागतो, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. बदलल्यावर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि अंक डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाईप होतो, त्यामुळे जागा चुकते. नावातला रफार किंवा गट क्रमांकातला आकडा हलला तर अर्ज परत येतो.

पुढचे अर्ज युनिकोडमध्येच करा. सेटिंग्ज → टाईम अँड लँग्वेज → लँग्वेजमध्ये मराठी जोडा, त्याच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड घ्या. विंडोजची की आणि स्पेसबार दाबून मराठी-इंग्रजी बदलतं. भाषा जोडली की मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्टही येतात. डेटा लागतो, पण थोडाच.

संत्राबाग

एसएसडीसाठी पाठ उघडाल तेव्हा एक काम हातासरशी करा. आपल्याकडे वेचणीच्या हंगामात घरात कापूस भरलेला असतो, त्याचे तंतू पंख्यानं ओढले जातात आणि तांब्याच्या पट्टीसमोरच्या जाळीत नमदा तयार होतो. बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही, उलट घट्ट बसतो. पंख्याचे दोन-तीन स्क्रू काढा, पंखा उचलला की जाळीच्या आतल्या बाजूला राखाडी पट्टी दिसेल, ती चिमट्यानं अख्खी निघते. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, मोकाट फिरवल्यानं त्याचं बेअरिंग जातं. उष्णता वाहणाऱ्या पट्टीचे प्रोसेसरवरचे स्क्रू मात्र सोडवू नका, सोडवलेच तर जुनी पेस्ट पुसून नवी लावावी लागते.

लाईनचं म्हणाल तर लॅपटॉपच्या अडॅप्टरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. कमी दाबानं त्याला इजा होत नाही, लाईन परत येतानाच्या झटक्यानं होते. लाईन गेली की पिन काढा, आली की दोन-चार मिनिटांनी लावा. विजा कडाडत असतील तर अडॅप्टर भिंतीतून काढून बॅटरीवर काम करा.

जुनी हार्ड डिस्क क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'गुड' असेल तर २.५ इंची यूएसबी केसिंगमध्ये टाकून बॅकअपला वापरा. एसएसडी खराब होताना बरेचदा आधी कळवत नाही, म्हणून कागदपत्रांची एक प्रत बाहेर असू द्या. विकणार असाल तर मात्र नुसतं डिलीट पुरत नाही. फॉरमॅटच्या खिडकीत 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून फॉरमॅट करा, तेव्हाच विंडोज त्या भागावर शून्यं लिहितं. सी, डी असे जितके भाग असतील तितक्यांना वेगवेगळं करावं लागेल. १ टीबीला काही तास जातात, तेवढा वेळ लाईन राहील अशा दिवशी लावा आणि मध्ये केबल हलवू नका.